वाईट वाजवायला जागा

नाटकांना आणि बँडच्या गिग्जना, म्हणजे कार्यक्रमांना, साउंड करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "आमच्या वेळी काय रॉक बँड होते! आता नवा एकही का गाजत नाही हो?" विचारणारे बहुधा नव्वदीत कॉलेजात असलेले, आणि उत्तरही तेच घेऊन आलेले असतात. हल्लीच्या पोरांना रॅप लागतं, रॉक कोण ऐकतंय.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मला हे पटत नाही. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले या बँडसाठी नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम तीन रात्री भरलं. त्याच वर्षी मे महिन्यात गन्स अँड रोझेस या रॉक बँडसाठी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गर्दी झाली. ऐकणारे आहेत. नव्या बँडला मुंबईत वाईट वाजवायला जागा नाही, ही खरी अडचण आहे.

कारण बँड चार लोकांसमोर पडत-झडतच तयार होतो. बीटल्ससुद्धा 1960 ते 62 मध्ये हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र-रात्र वाजवून घडले. आपल्याकडे नाटकवाल्यांना हे कळलं होतं. एकांकिका स्पर्धा, मग दादरच्या छबिलदास शाळेतल्या हॉलसारखा प्रायोगिक रंगमंच, मग व्यावसायिक नाटक. छबिलदासमध्ये पडलेलं नाटकही कुणाला तरी काहीतरी शिकवून गेलं. रॉकची पहिली पायरी अजून शाबूत आहे, आयआयटीच्या मूड इंडिगो या कॉलेज महोत्सवात बँडची स्पर्धा होते. त्याच्या वरची पायरी शोधून दाखवा.

ती होती, धोबीतलावाला. रंगभवन! 1986 साली इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव तिथेच सुरू झाला. उघडं थिएटर, स्वस्त तिकीट, आणि आवडलं नाही तर तोंडावर सांगणारं पब्लिक. पुढे 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालयाभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र होऊ शकतात. रंगभवनाला खेटून झेवियर्स कॉलेज, जवळच कामा रुग्णालय. काही वर्षांत तिथलं मोठ्या आवाजातलं वाजवणं थांबलं. नियम चूक आहे असं मी म्हणणार नाही, कामा रुग्णालयातल्या बाळंतिणीला झोप हवीच. पण त्याच्या बदल्यात दुसरी जागा कुणी दिली नाही. मथुरादास मिलमधला ब्लू फ्रॉग हा लाइव्ह संगीताचा क्लब 2007 मध्ये उघडला, 2016 मध्ये बंद. इंडिपेंडन्स रॉक 2022 मध्ये परत आला, माझगावला. पण तो महोत्सव, दर शनिवारची जागा नव्हे.

उरले पब. त्यांचं भाडं दारूच्या बिलातून निघतं, म्हणून मॅनेजर आधी विचारतो, "किती माणसं आणाल?" आणि मग, "ओळखीची गाणी वाजवा." पहिल्या गिगला सगळे मित्र येतात, दुसऱ्याला निम्मे, तिसऱ्याला ड्रमरची मैत्रीण. पुढे कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी, वाजवायची, किंवा घरी बसायचं.

बरं, घरी बसून तरी काय वाजवणार? समजा ड्रमर विरारचा, बेसवाला डोंबिवलीचा, गिटारवाला चेंबूरचा, गाणारी गोरेगावची, आणि चौघंही नोकरीवाले. फ्लॅटमध्ये ड्रम्स वाजवले तर सोसायटीचे सेक्रेटरी पंधराव्या मिनिटाला दारात. म्हणून सरावाला तासाच्या भाड्याची जॅमरूम, अंधेरीकडे कुठेतरी, म्हणजे गाणारी सोडली तर सगळ्यांनाच गैरसोयीची. आठ ठरतात, पावणेनऊ वाजतात. वायरी जोडण्यात, ट्यूनिंगमध्ये वेळ जातो. दोन गाणी नीट बसतायत तोवर विरारवाला घड्याळ बघायला लागतो. सिंबल्सची, म्हणजे ड्रम्सच्या धातूच्या थाळ्यांची, जड बॅग घेऊन संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये शिरून बघा एकदा. तो बिचारा लगेजच्या डब्यात, टोपल्यांच्या मधे उभा असतो. एवढं करून वर्षभरात पंचवीस मिनिटांचा सेट उभा राहतो, आणि बेसवाल्याची पुण्याला बदली होते. नवा बेसवाला शोधा, पहिल्यापासून सुरू.

आता रॅप बघा. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरनं 2014 मध्ये आयपॅडवरच गाणं रेकॉर्ड केलं, त्यावरच व्हिडिओ शूट केला. एकटा माणूस, कुणाची वाट बघायची नाही, शेजाऱ्यांचा त्रास नाही. त्याच्या गाण्यात दम होताच, पण 480 चौरस फुटांच्या घरांच्या शहरात त्याची कला मावते, आमची मावत नाही.

"मग ऑनलाइन टाका ना," असं लगेच म्हणाल. टाकतात. दिल्लीचा ब्लडीवूड हा मेटल बँड यूट्यूबवरूनच 2019 मध्ये जर्मनीच्या वाकेन या मोठ्या मेटल महोत्सवापर्यंत पोचला. मला अभिमान आहे. पण असे किती? 2024 पासून स्पॉटिफायवर गाणं आधीच्या बारा महिन्यांत 1000 वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे पैसेच मोजले जात नाहीत. आणि मोजले तरी त्यातून जॅमरूमचा एक तास निघाला तर नशीब. ऑनलाइन ओळख मिळते. समोरच्या माणसाची जांभई दिसत नाही, आणि बँडला ती दिसायला हवी.

हे सगळं ऐकून परवा एका काकांनी विचारलं, "म्हणजे नातवाला ड्रम्स घेऊन देऊ नको?" द्या की. इलेक्ट्रॉनिक किट घ्या, हेडफोन लावून वाजतं. फक्त बेस ड्रमच्या पेडलचे ठोके जमिनीतून खालच्या घरात जातात, तेव्हा खाली जाड रबर मॅट टाका, आणि खालच्या वहिनींशी आधीच बोलून ठेवा.