एक टीव्ही स्टुटगार्टात, दुसरा राजारामपुरीत

स्टुटगार्टमध्ये लोक नको झालेल्या वस्तू फुटपाथवर मांडून ठेवतात, वर 'फुकट न्या' अशी चिठ्ठी. पुस्तकं, खुर्च्या, कपबश्या आणि नशीब जोरावर असेल तर पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही. आमचा 28 इंची सोनी ट्रिनिट्रॉन असाच घरी आला. धूड उचलायला साताऱ्याचा एक मित्र बोलावला होता. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून तो माझ्या अकलेची चौकशी करत होता.

फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "तिकडं नवीन टीव्ही मिळत न्हाईत व्हय?"

मिळतात की. पण नव्या टीव्हीवर जुना गेम लावून बघा. आपल्याकडं समुराई आणि लिटल मास्टर या नावांनी निन्टेन्डोच्या गेम-डब्याच्या ज्या नकला विकल्या जायच्या, त्यांचं चित्र 256 बाय 240 ठिपक्यांचं. नवा टीव्ही ते आधी साठवतो, ताणतो, पुसट करतो आणि मग दाखवतो. तेवढ्यात बटण दाबणं आणि मारिओची उडी यांच्यात फट पडते आणि गडी खड्ड्यात जातो. ट्यूबच्या साध्या टीव्हीत ही साठवणूक नसतेच. सिग्नल आला की काचेवर रेघ उमटली.

त्यामुळं ठरवलं, एका जुन्या कॉम्प्युटरवर सगळे गेम भरायचे आणि तो ट्रिनिट्रॉनला जोडायचा. इथंच खरी मेख आहे. पाल ही रंगीत टीव्हीच्या सिग्नलची पद्धत. त्या पद्धतीचा ट्यूबचा टीव्ही, युरोपातला असो वा भारतातला, सेकंदाला 15,625 रेघा ओढतो. कॉम्प्युटरचा व्हीजीए पोर्ट, म्हणजे मॉनिटर जोडायचं जुनं सॉकेट, साधारण 31,500 रेघा पाठवतो, म्हणजे दुप्पट. सरळ जोडलं तर पडद्यावर नुसत्या फाटक्या पट्ट्या. यावर उतारा म्हणजे चित्र पाठवणारं जुनं एएमडी रेडिऑन कार्ड आणि ते चालवणारं 'सीआरटी एम्युड्रायव्हर' नावाचं सॉफ्टवेअर (सीआरटी म्हणजे आपली पिक्चर ट्यूब). मूळ ड्रायव्हरमध्ये हौशी लोकांनी फेरफार करून तो बनवलाय. तो टाकला की कार्ड निमूटपणे 15 किलोहर्ट्झवर, म्हणजे टीव्हीच्या रेघांच्या वेगावर उतरतं. फक्त कॉम्प्युटर सुरू होतानाचे पडदे जुन्याच वेगानं येतात, म्हणून विंडोज पूर्ण उघडेपर्यंत मी टीव्ही लावत नाही.

राहिली वायर. युरोपातल्या जुन्या टीव्हीला मागं स्कार्ट नावाचं 21 पिनांचं रुंद सॉकेट असतं. फ्रान्सनं 1980 मध्ये ते नव्या टीव्हींना सक्तीचं केलं आणि मग ते युरोपभर पसरलं. त्यात लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळ्या पिनांतून आत जातात: 15, 11 आणि 7. सिंक, म्हणजे रेघ आणि पडदा कुठं सुरू करायचा हे सांगणारा सिग्नल, जातो 20 नंबरला. व्हीजीएतून आडवा आणि उभा सिंक सुटा निघतो, तो एकत्र करून त्याचं व्होल्टेज उतरवावं लागतं. आणि 16 नंबरच्या पिनेला 1 ते 3 व्होल्ट मिळाल्याशिवाय टीव्हीला रंग सुटे आलेत हे कळतच नाही. मी यूएसबीचे 5 व्होल्ट 180 ओहमच्या रेझिस्टरमधून तिथं नेले, दीडच्या आसपास उतरतात. चित्र आलं तेव्हा मारिओच्या टोपीचा एक एक ठिपका मोजता येत होता. नाद खुळा!

दिवाळीत कोल्हापूरला आलो तेव्हा पुतण्यांनी हेच इथं करून मागितलं. राजारामपुरीतल्या घरी वरच्या खोलीत जुना 21 इंची टीव्ही होता, भरतकामाच्या कव्हरखाली. लावला तर पडद्याच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ, बाकी काळोख.

लक्ष्मीपुरीतून टीव्ही दुरुस्त करणारे एक मामा आले. रेघ बघूनच म्हणाले, "व्हर्टिकल गेलाय." म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग. मागचं झाकण काढून त्यांनी बोर्डावर एका जागी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं टकटक केली. रेघ क्षणभर उघडून पडदाभर झाली आणि परत मिटली. "आयसी बरा हाय, पाय सुटल्यात," म्हणत त्यांनी डाग दिला. मी वाकून बघत होतो तर माझा हात मागं ढकलला. "बंद केला म्हणून आत हात घालायचा न्हाई. ट्यूब लई वेळ डूख धरून बसत्या." ट्यूबवर 25 हजारांच्या घरात व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही त्यातले काही तिथंच मुक्काम करतात. हौशी मंडळींनी झाकण मामांसारख्यांकडूनच उघडून घ्यावं.

भारतातल्या टीव्हींना स्कार्ट सहसा नसतोच. मागं फक्त पिवळं, पांढरं आणि लाल भोक, पिवळं चित्राचं आणि बाकी दोन आवाजाची. त्यामुळं कॉम्प्युटरचा खटाटोप बाजूला ठेवून रास्पबेरी पाय 3 हा तळहाताएवढा कॉम्प्युटर लावला, त्याच्या हेडफोनच्या भोकातूनच व्हिडिओ निघतो. बाजारात तसल्याच दिसणाऱ्या वायरी कॅमेऱ्याच्याही मिळतात आणि त्यांच्यात क्रम वेगळा असतो. आमच्या वायरीत चित्र लाल पिनेतून येत होतं. लाल काढून पिवळ्या भोकात घातली की झालं.

चित्र आलं, पण काळं-पांढरं. रास्पबेरी पाय मुळात अमेरिका-जपानची एनटीएससी पद्धत धरून चालतो आणि आमच्या टीव्हीला फक्त पालचे रंग कळतात. सेटिंगच्या फाइलीत एसडीटीव्ही मोडचा आकडा 18 केला आणि रंग भरले. मात्र पाल सेकंदाला 50 वेळा पडदा भरतो, गेम 60 चित्रांचे. वरची दहा गळतात, पळताना गचके बसतात. मंगळवार पेठेत आत्याकडं नंतरच्या काळातला टीव्ही आहे, तो एनटीएससीचे रंगही घेतो. तिथं आकडा 16 केला आणि सगळं लोण्यासारखं. आत्याच्या हॉलमध्ये मग दिवाळीभर पोरांचा तळ.

आता वाद. पिवळ्या वायरीत सगळे रंग एकाच तारेत कोंबलेले असतात, म्हणून चित्र पुसट, कडांना रंग सांडलेले. स्कार्ट बघून आलेल्या मला आधी ते खटकलं. मग सोनिक लावला, सेगाचा 1991 चा. पहिल्याच भागात धबधबा आहे, एकाआड एक उभ्या रेघांनी काढलेला. स्टुटगार्टात त्या रेघा गजासारख्या स्वच्छ दिसतात. आत्याकडं त्या एकमेकींत विरघळल्या आणि पाण्याच्या पलीकडचं दिसायला लागलं. तेव्हा बहुतेक घरांत असल्याच वायरी होत्या, चित्रं काढणाऱ्यांनी तोच पुसटपणा हाताशी धरला. अक्षरं वाचायची असतील तर स्कार्ट, धबधबा बघायचा असेल तर आत्याचा हॉल, असं माझं मत. पुतण्याला विचाराल तर त्याला दोन्हीकडं बंदूक हवीय. गेमची बंदूक या जुन्या काचेवरच चालते, कारण पडदा नेमका कोणत्या क्षणी उजळला यावर तिचा नेम ठरतो. पण ती मूळ गेम-डब्यालाच जोडावी लागते, आमच्या रास्पबेरी पायला नाही.

तुमच्या माळ्यावर असला टीव्ही असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मागं पिवळं भोक आहे का बघा आणि तासभर चालवून बघा. कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग दिसला तर घाबरू नका, बऱ्याचदा शेजारच्या स्पीकरच्या चुंबकाचा असतो. आणि उचलताना पडदा स्वतःच्या छातीकडं धरा, सगळं वजन काचेत असतं.