नव्या संचात जुनी जयडी

मालिकेतलं माणूस बदललं की आमच्या आत्यांना ते पहिल्या सेकंदाला कळतं. (इकडं साताऱ्याकडं बऱ्याच घरांत सासूला आत्या म्हणतात, म्हणून आत्या.) पात्राची पाठ दिसत असली तरी कळतं. पण दोनचार दिवसांत ते माणूस त्यांना चालायलाही लागतं, याची मला गंमत वाटते. दुधात पाणी जास्त झालं तर महिनाभर गवळ्याला ऐकवणारी ही बाई, अख्खी सून बदलली तरी पुढच्या आठवड्यात निवांत!

सगळ्यात जवळून बघितलेला बदल म्हणजे 'लागिरं झालं जी'मधली जयडी. ही मालिका २०१७ ते २०१९ झी मराठीवर चालली. बोली आमची, रानं आमची, आणि नायक अज्या फौजी व्हायला निघालेला. साताऱ्यात फौजी नसलेली भावकी शोधावी लागते, त्यामुळं आमच्या शाहूनगरच्या गल्लीत रोज संध्याकाळी त्या वेळेला कुकरच्या शिट्टीशिवाय दुसरा आवाज नसायचा. त्यातली जयडी म्हणजे नायिका शीतलीच्या वाटेत काटे पेरणारी पोरगी. आधी हे काम किरण ढाणे करायची. मग मालिका चालू असतानाच ती गेली आणि पूर्वा शिंदे आली.

आत्या आणि शेजारच्या काकू, दोघी खाली बसून शेंगा फोडत होत्या. मधे सूप, एका बाजूला टरफलांचा ढीग. नवी जयडी पडद्यावर आली तशी आत्यांची शेंग बोटातच राहिली.

"ही कोण ओ?"

"जयडी."

"जयडीचं नाक असं न्हवतं."

"वाळली आसंल."

"वाळल्यावर नाक बदलतंय व्हय?"

काकूंकडं याला उत्तर नव्हतं. मग दोघींनी नव्या पोरीची रीतसर तपासणी केली. उंची, केस, बोलण्यातला हेल. हेल पास झाला. बाकी सगळ्याला 'बघू' असा शेरा मिळाला. आणि पुढच्याच आठवड्यात मी पोळ्या लाटत असताना बाहेरून आत्यांचा आवाज आला, "मेली किती दिस झालं त्या शीतलीच्या मागं लागलीय!"

किती दिवस? ही पोरगी तर आत्ता आली. आधीच्या सगळ्या कागाळ्या, चहाड्या, कारस्थानं दुसरीनं केलेली. पण सातबाऱ्यावर वारसनोंद व्हावी तशी पहिलीची सगळी पापं, बोज्यासकट, दुसरीच्या नावावर चढली होती. मंडळ अधिकाऱ्याची सहीसुद्धा लागली नाही.

हा प्रकार आपल्याकडचाच नाही. मालिकांचं माहेर म्हणावं अशा अमेरिकेत तो कितीतरी आधीपासून चालत आलाय. तिथं या मालिका दुपारच्या. घरातल्या बाईनं काम आवरता आवरता बघायच्या. साबणाच्या कंपन्यांनी पैसा घातला म्हणून त्यांना सोप म्हणायला लागले. 'गायडिंग लाइट' नावाची मालिका १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ साली टीव्हीवर आली आणि २००९ साली संपली. बहात्तर वर्षं! एवढ्या काळात माणसं बदलणार नाहीत तर काय. तिथले लोक याबाबतीत सरळ. भाग सुरू होताना एक गंभीर आवाज सांगायचा की आज अमक्याची भूमिका तमके करत आहेत. झालं. 'जनरल हॉस्पिटल' ही मालिका १९६३ पासून चालू आहे. तिच्यातली कार्ली १९९६ साली आली, तेव्हापासून चौघींनी ती केली. चौथी २००५ पासून टिकून आहे, म्हणजे आता तीच मालकीण. पोरांचा हिशोब तर आणखी मजेचा. बाळ वरच्या मजल्यावर झोपायला जातं आणि थोड्या महिन्यांनी मिसरूड फुटलेला गडी होऊन खाली येतं.

पण या सगळ्यावर ताण आहे 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'मधल्या रोमन ब्रेडीची गोष्ट. रोमनचं काम करणारा वेन नॉर्थ्रप मालिका सोडून गेला. रोमन मेला असं सगळे धरून चालले. मग १९८६ साली चेहऱ्याला पट्ट्या गुंडाळलेला एक माणूस आला. पट्ट्या सुटल्या तर आत ड्रेक होगेस्टिन. पुढं उलगडलं की हाच रोमन, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेला. बायकोनं, म्हणजे मार्लेनानं, नवरा म्हणून त्याच्याशी पुन्हा लग्न केलं. प्रेक्षकांनीही त्याला घरात घेतलं. इथवर ठीक. पण १९९१ साली पहिला नट परत आला! आता काय करणार? लेखकांनी सांगून टाकलं की हा आलेला खरा रोमन, आणि इतकी वर्षं ज्याला रोमन म्हणत होतो तो कधी रोमन नव्हताच. तो जॉन ब्लॅक नावाचा वेगळाच माणूस. आणि लोकांना तो इतका आवडलेला की तो जॉन होऊन पुढं कित्येक वर्षं मालिकेत राहिला. आत्यांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि एकच विचारलं, "मग ती बाई कुणाकडं ऱ्हायली?"

आपल्याकडं एवढा उघडा कारभार नाही. पात्र आधी गावाला जातं. नाहीतर कोमात. नाहीतर परदेशात प्रोजेक्टवर. शूटिंग रोजचं, आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक तुटपुंजी. नटीला बरं नाही, सिनेमा मिळाला, बाळ होणार आहे, प्रॉडक्शनशी बिनसलं, कारण काहीही असो, संध्याकाळी भाग गेलाच पाहिजे. मग एक दिवस दार उघडतं, पाठमोरी साडी दिसते, ढोल-ताशे वाजतात आणि मान वळते. कधी कधी तर तेवढंही नाही. २०२० च्या लॉकडाऊननंतर 'आई कुठे काय करते'मधली संजना दीपाली पानसरेची रुपाली भोसले झाली, तेव्हा आमच्या गल्लीत मास्क कुठला घ्यायचा यावर जास्त बोलणं झालं.

हिंदीत 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर तीन जणांनी केला. अमर उपाध्याय, मग इंदर कुमार, मग रोनित रॉय. तुलसीसुद्धा मधे काही काळ गौतमी कपूर होती, हे आज कितीजणींना आठवतं? स्मृती इराणी परत आली आणि मधला काळ जणू पुसला गेला. मधल्या माणसाचं नेहमी असंच होतं. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया पहिल्यांदा रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग परत रसिका. ही मधली ईशा आली तेव्हा मात्र आमच्या घरात खरा पेच पडला. कारण ती अनोळखी नव्हती. 'जय मल्हार'मधली ती बानू होती, आणि आमचं कुलदैवत खंडोबा. पालीच्या यात्रेला खंडोबा-म्हाळसाच्या लग्नात अंगावर भंडारा घेऊन आलेल्या आत्यांनी आता बानूबाईला तोकड्या कपड्यात दुसरीच्या नवऱ्याच्या गळ्यात पडलेलं बघायचं!

"शोभतं का हे बानूला?" त्या खरोखर दुखावल्या होत्या.

"ओ, बानूबाईबी दुसरीच की," काकू म्हणाल्या.

यावर आमच्या हॉलमध्ये जी शांतता पसरली, ती जाहिराती संपेपर्यंत टिकली.

मला वाटतं, नवीन चेहऱ्याला लोक नाकारत नाहीत. पचायला जड जातो तो आधी दुसऱ्या कुणाचा तरी असलेला चेहरा. कोरी पोरगी आणा, तिच्यावर काहीही लिहिता येतं.

नाटकाचं गणित बरोबर उलटं. तिथं माणूस बदलला की ते लपवत नाहीत, जाहिरातीत मोठ्या टायपात छापतात: 'नव्या संचात'. 'नटसम्राट' १९७० साली आलं ते डॉ. श्रीराम लागूंना घेऊन. पण पुढं दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त असे एकेक बेलवलकर उभे राहिले आणि लोक मुद्दाम वेगळा बेलवलकर बघायला गेले. शाहू कलामंदिरातून बाहेर पडणारी जुनी मंडळी अजून वाद घालतात, कुणाचा बेलवलकर खरा. नाटकात तसं चालतं कारण शब्द आधी लिहून ठेवलेत. नट येतो आणि त्या शब्दांत शिरतो. मालिकेत शब्द उद्याचे उद्या येतात. तिथं शिरायला काही नसतंच. मग नवी जयडी जयडी होते ती कशाच्या जोरावर?

तर बाकीच्यांच्या. हे मला जयडीच्या वेळेला कळलं. नवी पोरगी आली आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी तिला काही न झाल्यासारखं "ए जयडे" म्हणून हाक मारली. एकजण जरी क्षणभर अडखळला असता तर सगळा डोलारा कोसळला असता. शीतली तिच्याकडं तशीच रागानं बघते, अंगण तेच, ओसरी तीच, भांडण कालच्या वाक्यावरून पुढं चालू. मग बघणाऱ्याला वाटतं, एवढी सगळी माणसं म्हणतायत तर असेल बाबा.

आणि याची आपल्याला सवय आहे. निदान आत्यांच्या पिढीला तर चांगलीच. वाईला माहेरी गेल्या की त्यांना आजही सगळे बेबी म्हणतात. पंच्याहत्तरी ओलांडलेली बेबी! इथं सासरी पहिल्याच दिवशी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं दुसरं नाव लिहिलं गेलं, चुलतसासऱ्यांनी पसंत केलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परसातून कुणीतरी त्या नावानं हाक मारली. दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला त्यांना कळलं की आपल्यालाच बोलावतायत. तेव्हा ओ दिली, ती आजतागायत देतात. रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर, मतदारयादीत तेच नाव. मालिकेत नाव राहतं आणि बाई बदलते; आपल्याकडं बाई राहायची आणि नाव बदलायचं. मला वाटतं म्हणूनच या बायका नव्या जयडीला इतक्या पटकन सांभाळून घेतात. सगळ्यांनी एका नावानं हाक मारत राहिलं की माणूस त्या नावाचं होतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. मी माझं नाव बदलू दिलं नव्हतं. त्यावरून घरात थोडं झालं होतं, पण तो वेगळा विषय.

सगळेच बदल असे हसत घेता येत नाहीत. 'आई माझी काळुबाई' ही मांढरदेवीच्या काळुबाईवरची मालिका, चित्रीकरण सातारा परिसरातलं. तिच्यातली आर्या दोनदा बदलली: प्राजक्ता गायकवाड, वीणा जगताप, रश्मी अनपट. लोकांनी त्यावर चिक्कार गप्पा छाटल्या. पण त्याच मालिकेच्या चित्रीकरणात आशालता वाबगावकरांना करोनानं गाठलं आणि २२ सप्टेंबर २०२० ला त्या आमच्या साताऱ्यातच गेल्या. त्या दिवशी आत्यांनी टीव्ही लावला नाही. ओळख ना पाळख, पण आपल्या गावात पाहुणी आलेली बाई गेली, असं काहीतरी त्यांच्या मनानं घेतलं होतं.

अशा जागेवर दुसरं माणूस आणणं अवघडच. 'तारक मेहता का उल्टा चष्मा'मध्ये टप्पू बदलला, अंजली बदलली, खुद्द तारक मेहता बदलला. डॉ. हाथी आणि नट्टू काका करणारे नट वारले, तिथंही दुसरे आले. पण दिशा वाकानी २०१७ साली गेल्यावर दयाची जागा वर्षानुवर्षं रिकामीच ठेवली. ती नेहमी येणार येणार असते. काकूंचं मत असं की एवढी वर्षं माहेरी राहिलेली सून आता काही येत नाही, जेठालालनं समजून जावं.

'ठरलं तर मग'मधल्या पूर्णाआजी, ज्योती चांदेकर, २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेल्या. त्यांच्या जागी रोहिणी हट्टंगडी आल्या. मी आत्यांकडं बघत होते. आता काय म्हणतात? हट्टंगडी सासू असलेलं 'चार दिवस सासूचे' आत्यांनी वर्षानुवर्षं बघितलेलं, म्हणजे चेहरा कोरा नक्कीच नव्हता. पण इथं बानूसारखा पेच पडलाच नाही. "ही सासू होती, आता आजी झाली," त्या म्हणाल्या आणि उठून कुकर बंद करायला गेल्या.

त्यामुळं मागच्या महिन्यात त्या एका मालिकेवर भयंकर चिडलेल्या दिसल्या तेव्हा मला वाटलं, परत कुणीतरी बदललं. तसं काही नव्हतं. माणसं सगळी जागेवर होती. सेट तेवढा नवा केला होता. सोफा, पडदे, भिंतींचा रंग.

"अगं, देव्हारा बघ की. पूर्वेला होता, तो दक्षिणेला नेऊन ठेवलाय. आणि घरात एकालाबी दिसंना?"

"आत्या, सेट आहे तो."

"आसंना. घर हाय का न्हाय ते? म्हणून तर त्या पोराचा धंदा बसला. तू कुठं कुठं लिहितीस, तर हे लिही. त्यांना म्हणावं, सून बदला, जावई बदला, देव तेवढा हलवू नका."