आमची वाटचाल: उघड्या मानेची कोंबडी

आमचं पहिलं उबवणी यंत्र जुन्या कपाटातून उभं केलेलं होतं. भागीदार सुतारकामात तरबेज, मी तारा जोडण्यात. ३७.५ अंश तापमान धरून ठेवणं लवकर जमलं, दमटपणाने मात्र रडवलं. त्यासाठी ओल्या वातीचा थर्मामीटर लागतो. ती सुती वात क्षार बसून कडक झाली की पाणी ओढत नाही, आकडा चढलेला दिसतो आणि आपण समजतो दमटपणा भरपूर आहे. वात आठवड्याला बदला, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो, विचारो न विचारो. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद, एकविसाव्या दिवशी किलबिल. तो थर्मामीटर अजून माझ्या टेबलावर आहे.

मधली काही वर्षं बरी गेली.

मग आम्ही ब्रह्मा जातीची कोंबडी आणली. भारदस्त अंग, पायांवर पिसं. गिऱ्हाईक फोटो पाहूनच मागायचं. आम्ही पैदाशीचा सगळा कळप त्याच जातीचा केला. त्या उन्हाळ्यात वारा पडला आणि तीन दुपारींत अर्ध्याहून जास्त पक्षी गेले. कोंबडीला घाम येत नाही. ती उष्णता टाकते तुऱ्यातून, गळ्याखालच्या लोळ्यांतून, उघड्या कातडीतून, आणि तेही पुरेना की चोच उघडून धापा टाकत. ब्रह्माचा तुरा बुटका, वाटाणी. अंगावर रजईएवढी पिसं. उष्णता टाकायची कुठून? वाचलेल्या कोंबड्यांची अंडी हातात फुटायची. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवच पातळ पडतं. यंत्रात भरायला अंडी उरली नाहीत. भागीदार हिशेब मिटवून गेला. त्याचा संसार होता, त्याला मी दोष दिला नाही.

दोष देतो तो दुसऱ्याला. त्याच हंगामात आमच्या जवळच्या एका हॅचरीने झपाट्याने वाढणारी रंगीत पिल्लं ‘उन्हाला चिवट’ म्हणून विकली. जितकी वाढ वेगाची, तितकी पक्ष्याच्या अंगात उष्णता जास्त. पिल्लांच्या धंद्यात हे माहीत नसलेला माणूस मला भेटलेला नाही. भर उन्हात ती पडायला लागली तेव्हा लोक म्हणाले, हॅचरीची पिल्लं नकोतच. त्यात आम्हीही भरडलो. कित्येक महिने आमच्या दारात कोणी आलं नाही, आणि ते मी अजून गिळलेलं नाही.

आल्या त्या एकट्या मावशी. त्यांनी आमच्याकडून कधीतरी उघड्या मानेची बारा पिल्लं नेली होती. बाराच्या बारा जिवंत होती आणि अंड्यावर होती. “तसलीच द्या,” म्हणाल्या. आम्ही ती जात फक्त बाजूला ठेवली होती, कारण लोकांना ती कुरूप वाटायची. त्या मानेमागचा गुण आईबापांपैकी एकाकडूनच आला तर पिसं सुमारे २० टक्के कमी, दोघांकडून आला तर सुमारे ४० टक्के. नवा कळप मी त्यावरच उभा केला.

परसात पाळायला तुम्हाला लेगहॉर्नही चालेल: हलकं अंग, मोठा तुरा, पांढरी अंडी. पण ती उडून कुंपणापार जाते आणि खुडूक क्वचितच बसते, म्हणजे पिल्लांसाठी पुन्हा यंत्र आलंच. इजिप्तची फयूमी उन्हाला पक्की, फक्त हाताला लागत नाही. कुठलीही घ्या, खाद्य पहाटे आणि संध्याकाळीच टाका. भर दुपारी पोटात दाणे असले की पचनाची उष्णता आणखी वाढते. पाण्याची भांडी सावलीत ठेवा. गरम झालेलं पाणी कोंबडी टाळते.

आणखी एक, कारण यावरून मला फसवा म्हटलं गेलंय. आईबाप दोघेही अर्ध्या गुणाचे, म्हणजे तो गुण एकाच बाजूने मिळालेले असतील तर सरासरी चारातलं एक पिल्लू भरल्या मानेचं निघतं. मी ते आता आधीच सांगतो.

मावशी अजून येतात. ट्रेमधलं पिल्लू उचलून गळ्यावर पुढून बोट फिरवतात. तिथे पिसांचा छोटा झुबका लागला की “हे अर्धं” म्हणून एका बाजूला ठेवतात, आणि मी त्यांच्यामागे तपासत नाही.