लिफ्टमधलं ते दूध

आज सुट्टी म्हणून भाच्यासोबत २०११ चा ‘ट्रान्सफॉर्मर्स: डार्क ऑफ द मून’ पुन्हा पाहिला. त्यात अमेरिकन ऑफिसच्या लिफ्टमध्ये एक पात्र दूध पितं आणि त्याचं नावही घेतं, शुहुआ. हे चीनच्या यिली कंपनीचं दूध. भाचा म्हणाला, “मामा, ते तिकडे मिळतं का?” अरे बाळा, जाहिरात तिकडच्यांसाठी नव्हतीच. चीनमधली थिएटरं भरायची होती.

दूध विकलं, ठीक आहे, धंदा आहे. मला जास्त खुपतो तो २०१२ चा ‘रेड डॉन’. शूटिंग झालं होतं, अमेरिकेवर हल्ला करणारे चिनी होते. मग तिथली बाजारपेठ दुखावू नये म्हणून संगणकावर झेंडे, चिन्हं बदलली आणि त्यांना उत्तर कोरियाचं केलं. गोळी न झाडता कथा बदलते, याला म्हणतात ताकद!

आपणही कुठे वेगळे? जून २०२० मध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान गेले. त्या वर्षी आयपीएलच्या नावातून विवो या चिनी मोबाइल कंपनीचं नाव गेलं, २०२१ ला परत आलं. नाशिकजवळ लष्कराच्या देवळाली कॅम्पच्या शेजारी वाढलेल्या माणसाला हे फार लागतं.

शनिवारी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमच्या विजेच्या पॅनेलच्या कामासाठी आलेला खोका उघडला. आत पांढऱ्या थर्माकोलमध्ये ओळीने बसवलेले रिले, म्हणजे वीजप्रवाह आपोआप चालू-बंद करणारे छोटे स्विच, प्रत्येकावर बारीक अक्षरांत ‘मेड इन चायना’. माझ्याच हाताने ते बसवले.

सातपूरला एक ओळखीचे कारखानदार इथेच रिले बनवायच्या खटपटीत आहेत. उद्या सकाळी त्यांच्याकडे जातोय.