क्लाउडचे भाडे आणि भाड्याबाहेरचे बिल

सोलापुरातील टॉवेल आणि चादरीच्या कारखानदारांसाठी ऑर्डर व साठ्याची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर तयार करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे, ‘आमचा सर्व्हर कोणाकडे ठेवायचा?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा दोन-तीन क्लाउड कंपन्यांची, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांची, दरपत्रके असतात आणि त्याचे लक्ष प्रोसेसर व मेमरीच्या दरावर खिळलेले असते. माझ्या मते या दरावरून निवड करणे जवळजवळ निरर्थक आहे. दोन आभासी प्रोसेसर आणि चार जीबी मेमरीचा साधा सर्व्हर भारतात डेटा केंद्र असलेल्या कोणत्याही नावाजलेल्या कंपनीकडून घेतला, तरी महिन्याकाठी पडणारा फरक काही शेकड्यांपासून हजार-दीड हजार रुपयांचा असतो. खरा फरक त्या ओळीच्या खाली असतो, आणि दरपत्रक तिथपर्यंत वाचण्याची सवय फार थोड्यांना आहे.

‘सर्व्हर जवळ हवा’ हा आग्रह आता फार धरण्याचे कारण उरलेले नाही. ॲमेझॉनचे मुंबईतील केंद्र २०१६ मध्ये आणि हैदराबादचे २०२२ मध्ये सुरू झाले. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्यूरचे ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र पुण्यात आहे, गूगलचे मुंबई आणि दिल्लीत, तर डिजिटलओशनचे बेंगळुरूत. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सोलापूरहून सुमारे ४०० किलोमीटरवरच्या मुंबईला जाऊन परत येण्यास निव्वळ अंतरापोटी चार मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात, कारण नेटवर्कची वाट महामार्गाच्या नकाशावरून ठरत नाही. हैदराबाद आपल्याला रस्त्याने मुंबईपेक्षा जवळ असले, तरी तिथला सर्व्हर आपोआप अधिक वेगवान ठरेल असे गृहीत धरू नये. जर्मनीतील सर्व्हरची गोष्ट मात्र वेगळी. तिथे एका फेरीला शंभराहून अधिक मिलिसेकंद जातात, आणि एका पडद्यासाठी ब्राउझरला दहा वेळा एकामागून एक विचारणा करावी लागत असेल, तर बिल तयार करणाऱ्या कारकुनाला सेकंदाहून अधिक काळ पडद्याकडे नुसते पाहत बसावे लागते. हेट्झनरसारख्या जर्मन कंपनीचे दर पाहून मोह होतो, पण भारतात केंद्र नसल्यामुळे रोजच्या कामासाठी तो मोह टाळावा. बॅकअप ठेवण्यासाठी तिचा विचार अवश्य करावा.

दरांकडे वळण्याआधी कामाच्या भाराचे स्वरूप पाहावे लागते. आपल्या जिल्ह्यात दोन अगदी भिन्न प्रकारचे ग्राहक आहेत. पंढरपुरातील भक्तनिवासाच्या खोल्यांची नोंदणी घेणारे संकेतस्थळ आषाढीपूर्वी ओसंडून वाहते आणि नंतर कित्येक आठवडे शांत असते. साखर कारखान्याची ऊस वजनाची नोंदणी गाळप हंगामात रात्रंदिवस चालते आणि हंगाम संपला की थंडावते. अशा ठिकाणी तासाच्या हिशोबाने सर्व्हर वाढवणे-घटवणे ही क्लाउडची मूळ सोय खरोखर पैसे वाचवते. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील टॉवेल कारखान्यात मात्र बाराही महिने तीच पंधरा-वीस माणसे त्याच पडद्यांवर काम करतात. त्यांनी लवचिकतेचे पैसे मोजण्यात काही अर्थ नाही. तरीही त्यांना तीच विकली जाते, आणि तीही छोट्या अक्षरांतील अटींसह. ॲमेझॉनच्या टी३ प्रकारच्या सर्व्हरमध्ये प्रोसेसरची पूर्ण क्षमता सतत वापरण्यासाठी नसते; ठरावीक पायापेक्षा वापर कमी असताना ‘श्रेय’ (क्रेडिट) साठते, सरासरी वापर त्या पायापेक्षा वाढला की ते खर्ची पडते, आणि ते संपल्यावर मूळ मांडणीनुसार सर्व्हर मंदावत नाही, तर जादा वापराचे पैसे बिलात लागतात. स्थिर भार असलेल्या कारखान्याला ठरावीक मासिक दराचा सर्व्हर पुरतो. ॲमेझॉनची ‘लाइटसेल’ ही सेवाही अशाच ठरावीक दराची आहे.

कार्यालयातच सर्व्हर ठेवण्याचा पर्याय अजून अनेकांच्या मनात असतो. तो मी सुचवत नाही. कापसाच्या तंतूंनी चोंदलेले पंखे, उन्हाळ्यात चाळिशी सहज ओलांडणारा पारा आणि दुपारी जाणारी वीज यांच्याशी झुंजणारे यंत्र किती काळ टिकेल, याचा अंदाज कारखानदाराला माझ्यापेक्षा चांगला असतो.

आता बिलाकडे येतो. सर्वांत दुर्लक्षित ओळ म्हणजे बाहेर जाणाऱ्या डेटाचे शुल्क. गोदामाचे भाडे कमी, माल आत ठेवणे फुकट, पण बाहेर काढताना प्रत्येक गाठीमागे पैसे, असा हा व्यवहार आहे. ॲमेझॉनकडे महिन्याला पहिले १०० जीबी मोफत असतात. त्यापुढे मुंबई केंद्रातून इंटरनेटवर जाणाऱ्या दर जीबीला सुमारे ११ सेंट पडतात. निर्यातदाराने आपल्या जकार्ड टॉवेलच्या नमुन्यांची मोठी छायाचित्रे परदेशी खरेदीदारांसाठी ठेवली आणि महिन्याला ५०० जीबी डेटा बाहेर गेला, तर जवळजवळ ४४ डॉलर केवळ या एका ओळीपोटी जातात, म्हणजे मूळ सर्व्हरच्या भाड्याहून अधिक. डिजिटलओशनच्या चार जीबी मेमरीच्या साध्या सर्व्हरबरोबर महिन्याला चार टीबीपर्यंतचा डेटा भाड्यातच येतो आणि त्यापुढे दर जीबीला एक सेंट लागतो. छायाचित्रे सीडीएनमागे (ठिकठिकाणी प्रती साठवून जवळच्या ठिकाणाहून पुरवणाऱ्या सेवेमागे) ठेवून हा खर्च बराच आटोक्यात आणता येतो, हे खरे. पण ते काम कोणी तरी मुद्दाम करावे लागते, आणि लहान कारखान्यात तो ‘कोणी तरी’ नसतो. डिस्क आणि स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) यांची आकारणी अनेक ठिकाणी वेगळी होते. सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासाठीही, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर गाठण्याच्या क्रमांकासाठीही, ॲमेझॉन फेब्रुवारी २०२४ पासून तासाला अर्धा सेंट घेते. रक्कम क्षुल्लक वाटते, पण महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर जाते, आणि असे चार पत्ते विसरून पडलेले असतात. दर बदलत राहतात, म्हणून हे आकडे निर्णयापूर्वी पुन्हा तपासावेत. बिलाची रचना मात्र सहसा बदलत नाही.

हे डॉलरमधील दर रुपयात उतरतात तेव्हा आणखी एक अडचण समोर येते. २०२२ च्या सुरुवातीला ७४-७५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२३ संपताना ८३ च्या वर गेला होता; सर्व्हर तोच, वापर तोच, बिल मात्र दहा टक्क्यांहून अधिक वाढलेले. क्लाउड सेवांवर १८ टक्के जीएसटी लागतो. भारतीय उपकंपनीमार्फत बिल येत असेल आणि त्यावर आपला जीएसटी क्रमांक असेल, तर इनपुट क्रेडिट सरळ मिळते. परदेशी कंपनीकडून थेट सेवा घेतली, तर नोंदणीकृत व्यावसायिकाला रिव्हर्स चार्जने कर आधी स्वतः भरावा लागतो आणि मग त्याचे क्रेडिट घ्यावे लागते. त्यामुळे निवड पक्की करण्याआधी आपल्या सीएला एकदा फोन करावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. हा सल्ला तांत्रिक नाही, पण याने वाचणारी डोकेदुखी तांत्रिक सल्ल्याहून मोठी असते. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप होणाऱ्या आवर्ती भरण्यांना ग्राहकाची पूर्वनोंद आवश्यक झाली, आणि जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतचे असे भरणे ओटीपीशिवाय होऊ लागले. प्रदात्याकडे ही सोय नसेल, तर दर महिन्याला मालकाने स्वतः बसून पैसे भरावे लागतात. ते राहून गेले तर आधी स्मरणपत्रे येतात, मग सर्व्हर थांबतो आणि पुढे पुसलाही जातो. यूपीआय किंवा बँक हस्तांतरण स्वीकारणाऱ्या भारतीय प्रदात्यांचे पारडे इथे निश्चितच जड होते.

कायद्याविषयी थोडक्यात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारलेल्या कंपनी लेखा नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक हिशोबवह्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवणे बंधनकारक आहे. परदेशातील बॅकअप त्याच्या जोडीला चालतो, त्याच्याऐवजी नाही.

बॅकअपचा विषय मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक संपूर्ण इमारत जळून गेली. ज्यांचे बॅकअप त्याच परिसरात होते, त्यांपैकी काहींचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगल क्लाउडवरील खासगी क्लाउड, गूगलकडून मांडणी करताना एक रकाना रिकामा राहिल्यामुळे, आपोआप पुसले गेले. सहा लाखांहून अधिक सभासदांची सेवा आठवडाभर विस्कळीत राहिली. दोन भौगोलिक ठिकाणी ठेवलेल्या प्रती दोन्हीकडून गेल्या, असे तेव्हाच्या संयुक्त निवेदनात म्हटले होते. त्याच निवेदनानुसार दुसऱ्या एका प्रदात्याकडे ठेवलेल्या बॅकअपची पुनर्स्थापनेत मदत झाली. या दोन घटनांमधून मला असे दिसते की, ‘दुसऱ्या शहरात’ आणि ‘दुसऱ्या कंपनीकडे’ या वेगवेगळ्या अटी आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात. करारातील ९९.९ टक्के उपलब्धतेच्या हमीवर विसंबणाऱ्यांनी हिशोब करून पाहावा: तीस दिवसांच्या महिन्यात ती ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा देते, आणि त्याहून अधिक वेळ सेवा बंद राहिली तर भरपाई म्हणून पुढील बिलात सवलत मिळते. दारात उभ्या राहिलेल्या ट्रकचे भाडे कोणी देत नाही.

सोडून जाण्याची वाट निवडीच्या दिवशीच पाहून ठेवावी. २०२४ च्या सुरुवातीला गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही कायमचे निघून जाणाऱ्या ग्राहकांना डेटा बाहेर नेण्याचे शुल्क माफ करण्याची तयारी दाखवली. पण खरा खर्च डेटा नेण्याचा नसून सॉफ्टवेअर पुन्हा लिहिण्याचा असतो. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल या कुठेही चालणाऱ्या डेटाबेसवरची प्रणाली एका कंपनीकडून दुसरीकडे शनिवार-रविवारात हलवता येते. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेससारख्या एकाच कंपनीच्या सेवेभोवती विणलेली प्रणाली हलवायला महिने लागतात. याहून साधी आणि आपल्याकडे सर्रास आढळणारी गाठ वेगळीच असते: डोमेन सॉफ्टवेअर करणाऱ्याच्या नावावर, क्लाउडचे मुख्य खाते त्याच्याच ईमेलवर आणि ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. माझ्याच व्यवसायबंधूंना हे आवडणार नाही, पण मुख्य खाते आणि डोमेन कारखान्याच्या मालकाच्या नावावरच असावे आणि आमच्यासारख्यांना मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते द्यावे.

मदतीच्या बाबतीत मोठे नाव हा काही निकष नव्हे. मोठ्या कंपन्यांच्या पायाभूत योजनेत तांत्रिक प्रश्नाला माणसाकडून उत्तर मिळत नाही. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. प्रदाता ठरवण्यापूर्वी त्याला शनिवारी रात्री एक खरा तांत्रिक प्रश्न पाठवून पाहावा आणि उत्तर केव्हा येते, प्रश्न समजून आलेले असते की नाही, ते नोंदवून ठेवावे.

या सगळ्यानंतर माझी सध्याची पद्धत अशी आहे. स्थिर भाराच्या कारखान्यांसाठी मुंबई किंवा बेंगळुरू येथील ठरावीक मासिक दराचा सर्व्हर, त्याच्याबरोबर भाड्यातच मिळणारा पुरेसा डेटा, आणि दर रात्री डेटाबेसची कूटबद्ध प्रत भारतातच, पण दुसऱ्या कंपनीकडे व दुसऱ्या शहरात. हंगामी भाराच्या ग्राहकांसाठी तीन मोठ्यांपैकी एक. मात्र बिल ठरावीक रकमेजवळ पोहोचताच मालकाच्या मोबाइलवर संदेश जाईल अशी सूचना पहिल्याच दिवशी लावून. आणि दर तिमाहीला ती रात्रीची प्रत एका कोऱ्या सर्व्हरवर उतरवून, कारखान्याच्या हिशोबनिसाकडून शेवटचा बिल क्रमांक व शिल्लक साठा ताडून घ्यायचा. तो जुळला की तो सर्व्हर त्याच दिवशी बंद करायचा, म्हणजे त्याचे भाडे काही तासांपुरतेच लागते.