यंदाची ध्येयं काय, असं विचारलंत म्हणून

डिसेंबर अर्धा झाला की सुरू होतं. उपासना सुटल्यावर दारात, प्रार्थनागटात, फोनवर. "यंदाची ध्येयं काय?" मी "काही नाही" म्हटलं की समोरचा असा बघतो, जणू मी विश्वासच सोडला. आणि एकजण तरी म्हणतोच, "पण तो कागद तर तुम्हीच वाटायचात!"

हो, मीच वाटायचे. अकरा वर्षं. पाच चौकटी: वाचन, प्रार्थना, सेवा, दान, नाती. प्रत्येकीत मोजता येईल असं ध्येय, समोर तारीख, शेजारी खूण करायला छोटा चौकोन. वॉचनाइटच्या, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत दहा मिनिटं मी तो समजावून सांगायचे, आणि चांगलं सांगायचे. तुमच्यातल्या कित्येकांनी त्याच्या जोरावर पहिल्यांदा सबंध बायबल वाचलं, हे मला ठाऊक आहे. १,१८९ अध्याय, म्हणजे रोजचे तीन आणि थोडे वर. उत्पत्ती, निर्गम भराभर होतात. जानेवारी संपता संपता लेवीय येतं आणि अर्धी मंडळी तिथेच बसते. कागदावर चौकोन होता म्हणून तुम्ही त्या होमार्पणांच्या नियमांमधून पार पडलात. तेव्हा कागद वाईट असं मी म्हणत नाही, कधी म्हटलंही नव्हतं. मी फक्त वाटायचा थांबले आणि कारण सांगितलं नाही. त्यावर जे तर्क झाले ते माझ्या कानावर आलेत. पाळकसाहेबांशी बिनसलं, वय झालं, हिला आता कृपा म्हणजे सवलत वाटते. शेवटचा जरा लागला.

त्या दहा मिनिटांत मी दोन वचनं हमखास घ्यायचे. एक लूकच्या चौदाव्या अध्यायातलं: बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करत नाही असा कोण आहे? बघा, येशूसुद्धा नियोजन शिकवतो, असं मी सांगायचे. तो तिथे नियोजन शिकवत नाही. माझ्यामागे येणं तुम्हाला किती महागात पडेल ते आधी बघा, असं तो बजावतो आहे. दुसरं यिर्मया २९:११, देवाच्या मनातल्या हिताच्या योजनांचं. हे तर मी कागदाच्या माथ्यावरच छापायचे. त्याच्या आधीच्या ओळीत बाबेलचा बंदिवास सत्तर वर्षं चालणार असल्याचं सांगितलंय, हे कुणी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. हे वचन बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं लिहिलेल्या पत्रातलं. ज्यांना ते पत्र गेलं त्यातले बरेचसे ती योजना पुरी व्हायच्या आत मरणार होते. बारा महिन्यांच्या कागदावर हे वचन शोभत नव्हतं, पण दिसायला छान दिसायचं.

हे सगळं मला आज सुचतंय असं समजू नका. तेव्हाही माहीत होतं. वाटणं थांबवायचं कारण हे नव्हेच.

कारण पाचव्या चौकटीत आहे. त्या वर्षी तिथे मी लिहिलं होतं: "ताईशी समेट. ३० जूनपर्यंत." आमचं काय झालं होतं ते तुम्हाला माहीत आहे. आईच्या शेवटच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून झालं, आणि मी सगळ्यांदेखत एक वाक्य बोलले. ते इथे लिहीत नाही. त्यानंतर तीन वर्षं अबोला.

जून गेला. मी तारीख खोडून ३० सप्टेंबर केली. तीही गेली. बाकीच्या चौकटी व्यवस्थित भरत होत्या. २९ डिसेंबरच्या रात्री कागद काढून बसले, तर चार चौकोनांत खुणा आणि एक कोरा. दोनच दिवसांनी मला तुमच्यासमोर उभं राहून विचारायचं होतं, "कुणाकुणाची पाचही झाली?" आणि पहिला हात दरवर्षी माझा असायचा.

सकाळी मी ताईच्या दारात होते.

तिनं आत घेतलं. बस म्हणाली, पाणी दिलं. मी क्षमा मागितली. रात्री शब्द जुळवून ठेवले होते, त्यामुळे कुठे अडखळले नाही, आणि बहुधा तिथेच घोळ झाला. ती ऐकून घेत होती. मग तिची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली.

"आज तीस ना?"

मी हो म्हटलं.

"कितव्या चौकटीत आहे मी?"

पहिली दोन वर्षं ती माझ्याच शेजारी बसून तो कागद भरायची, हे सांगायचं राहिलं. तिला चौकटी पाठ होत्या. मला बोलता आलं नाही. उत्तर सुचलं नाही असं नव्हे. सुचलं, आणि त्याचीच लाज वाटते: डोक्यात ताबडतोब आकडा आला. पाचव्या.

"जा, कर खूण," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी माफ केलं की नाही, ते काही कागदावर विचारलेलं नसेल. तू येऊन गेलीस, झालं."

मी म्हटलं, "असं नाही गं ताई."

"मग मार्चमध्ये का नाही आलीस? माझं ऑपरेशन झालं तेव्हा? तुला कळलं होतं."

कळलं होतं. पुढचं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मार्चमध्ये बातमी कानावर आली, त्या रात्री मी तिच्यासाठी प्रार्थना केली. बराच वेळ केली, रडलेसुद्धा. मग प्रार्थनेच्या चौकटीत त्या दिवसाची खूण केली आणि झोपले. गेले नाही. जूनपर्यंत वेळ होता.

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात आहे ना, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तिथे आठवलं, तर अर्पण तसंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. यावर मी स्वतः बायबल-वर्ग घेतलाय. त्या आज्ञेला तारीख नाही. आठवलं की निघायचं. मी तिला तारीख जोडली, आणि त्या तारखेनं मला निघेपर्यंतचे सगळे दिवस माफ करून टाकले. आळशी माणूस नुसतं टाळतो. मी कागदावर लिहून, प्रार्थना करून टाळलं.

३१ तारखेच्या रात्री मी विचारलं, "कुणाकुणाची पाचही झाली?" आणि हात वर केला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. पुढच्या वर्षी कागद छापला नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल, झालं, हिला धडा मिळाला. तसं नाही. माझ्यातली कागद वाटणारी ती बाई अजून माझ्याशी भांडते, आणि तिचा मुद्दा मला खोडता येत नाही. ती विचारते, कागद नसता तर तू ३० डिसेंबरला तरी गेली असतीस का? नसते गेले. आठवलं की निघणाऱ्यांतली मी नाही, हे मार्चमध्ये सिद्धच झालं. तो कोरा चौकोन टोचला म्हणून पाय उचलला. हेतू खोटा होता म्हणावं तर त्याच खोट्या हेतूनं मला तिच्या दारापर्यंत नेलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही एका खोलीत बसलो. मग कागदानं घडवलं की बिघडवलं? एखाद्या दिवशी मला एक पटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं.

अमेरिकेतला अठराव्या शतकातला धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स, त्याचे सत्तर संकल्प मी तुम्हाला किती वेळा ऐकवलेत! १७२२-२३ मध्ये, विशी गाठायच्या आसपास लिहिलेले, दर आठवड्याला एकदा वाचायचे असं स्वतःलाच बजावून. एक मात्र कधी ऐकवलं नाही. त्याच दिवसांतल्या त्याच्या रोजनिशीत २ जानेवारीची नोंद आहे. मन मरगळलेलं आहे, आणि कितीही संकल्प केले, कितीही युक्त्या काढल्या तरी देवाच्या आत्म्यावाचून सारं फुकट, असा तिचा सूर आहे. (गंमत म्हणजे तेव्हा तिकडे वर्ष बदलायचं २५ मार्चला. १ जानेवारीचं वर्ष इंग्लंडमध्ये आणि तिच्या अमेरिकेतल्या वसाहतींत १७५२ पासून आलं. तेव्हा ही निराशा नववर्षाची म्हणता येणार नाही, साध्या बुधवारची होती.) ही नोंद मी लपवायचे, कारण ती ऐकल्यावर कागद कोण भरणार? आता वाटतं, ऐकवायला हवी होती. पण त्या नोंदीनंतरही तो गडी संकल्प लिहीत राहिला, तेव्हा तिचा आधार घेऊन मला सुटताही येत नाही.

म्हणून यंदाही "काही नाही" म्हणाले. ते पुरतं खरं नाही. वाचन चालू आहे, खुणांशिवाय, आणि खुणांशिवाय ते कमी होतं, हे कबूल. तुम्हाला कागद हवा असेल तर जुना माझ्याकडे आहे, छापून घ्या. पाचवी चौकट ठेवायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मला विचारू नका.

ताईला मी फोन करते. वार ठरवलेला नाही, कारण वार ठरला तर तिला तो ओळखू येईल. कधी उचलते, कधी नाही. मागच्या आठवड्यात उचलला, थोडं इकडचं तिकडचं बोलली आणि मध्येच म्हणाली, "डिसेंबर आलाय हं." चिडवत होती की काय, ते आवाजावरून कळलं नाही.