पंधरा किलोत इंदूर

डिसेंबरात पुण्याच्या हॉस्टेलवरचे तीन मित्र दोन दिवसांसाठी इंदूरला आले. दोघं पुण्यातच राहिलेले आणि एक आता ठाणेकर झालेला, आणि तिघांचं रविवारी संध्याकाळचं परतीचं विमान. मी मोठ्या उत्साहाने मोबाइलमध्ये यादी केली होती, राजवाडा, होळकरांच्या छत्र्या म्हणजे समाध्या, कांच मंदिर, लालबाग, खजराना आणि बडा गणपती ही दोन गणपतीची देवळं. आईनं ती यादी बघितली आणि म्हणाली, यात खायचं काहीच नाही, हे कसले पाहुणे फिरवणार?

तर पहिल्या सकाळी पोहे-जिलबी. इथले पोहे फोडणीत परतून झाले की उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवतात, वाफेवर मऊ राहतात, वर शेव, कांदा, जिरावन म्हणजे आमचा इंदुरी मसाला, आणि सोबत जिलबी. दोघा पुणेकरांतल्या एकाला, पुढे त्यालाच नुसता पुणेकर म्हणतो, पोह्यांबरोबर जिलबी पटेना. 'गोड शेवटी खातात रे.' मी म्हटलं भिया, म्हणजे आमच्याकडचं भाऊ, तू खा आधी. त्यानं घास घेतला, काही बोलला नाही, मग दुसरी प्लेट मागितली. तेवढ्यात गल्लीत कचरागाडी गाणं वाजवत आली आणि ठाणेकर त्या गाडीचाच व्हिडिओ काढत बसला, ओला वेगळा, सुका वेगळा. 2017 पासून आम्ही स्वच्छतेत पहिले आहोत हे मी पाहुण्यांना सांगतोच, कुणी विचारलेलं नसलं तरी.

मग राजवाडा. आमचा राजवाडा खरं सांगायचं तर समोरून बघायचा. सात मजले, खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे. समोरच्या चौकात उभं राहून मान वर केली की अर्धं काम झालं. मागचा भाग 1984 च्या दंगलीत जळला होता, पुढे पुन्हा बांधला. आई सांगते, तेव्हा आमच्या रामबागेतल्या गच्चीवरून धूर दिसला होता आणि आजी रडत होती. हे मी सांगितल्यावर तिघं जरा गप्प झाले, मग ठाणेकरानं विचारलं, 'अहिल्याबाई इथंच राहायच्या ना?' इथंच पाहुणे फसतात. बाईंनी राजधानी महेश्वरला नेली, नर्मदेच्या काठी, इथून नव्वद-एक किलोमीटर. शहरभर पुतळे, विमानतळाला नाव, आणि राहत्या घराचं म्हणाल तर पुढच्या वेळी वेगळा दिवस काढून या. वीस मिनिटांत राजवाडा आटोपला.

कांच मंदिरात मात्र मला वाटलं त्याहून जास्त वेळ गेला. शेठ हुकुमचंदांनी बांधलेलं हे जैन मंदिर, भिंती, छत, खांब, जिकडे बघावं तिकडे काच. आम्ही अनवाणी उभे होतो आणि छतात आमचीच पन्नास-साठ डोकी दिसत होती, त्यातली टक्कल पडलेली किती हे पुणेकर मोजत बसला. आम्ही चौघंच होतो, म्हणजे आकडा वाढण्यात काचेचा दोष होता असं मी तरी धरून चाललो.

लालबागला पोचलो तेव्हा बंद व्हायला आलं होतं, त्यामुळे होळकरांचं ते विलायती वैभव, तो 1921 साली पुरा झालेला महाल, आम्ही पळत पळत बघितला. खजराना आणि बडा गणपती यादीतच राहिले. मला फारसं वाईट वाटलं नाही कारण रात्रीचा सराफा बाकी होता आणि सगळ्यांच्या पोटात जागा ठेवणं गरजेचं होतं.

सराफ्यात दिवसा सोनं-चांदी. रात्री दुकानांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांवर कढया चढतात. मी हे लहानपणापासून बघतोय, पण पाहुण्यांबरोबर गेलं की कळतं की आपण सरळ खायला सुरुवात करतो, बघत काही नाही. ठाणेकर एका कढईसमोर दहा मिनिटं उभा राहिला. तो माणूस फडक्याच्या भोकातून पीठ सोडत होता, आधी मोठा गोल, मग आत वळणावर वळण, ताटाएवढा जलेबा, पाकातून बाहेर काढून कागदावर ठेवला की कागद लगेच पारदर्शक. त्याच्या पलीकडे दहीवडा, द्रोण हवेत उंच उडवून परत हातात झेलायचा आणि मग चिमटीत चार मसाले एकदमच धरून एकेक करून टाकायचे. मग भुट्ट्याचा कीस, मग गराडू. गराडू म्हणजे बटाटा का, असं पुणेकराने विचारलं. नाही रे, कोनफळाच्या जातीतला कंद, दोनदा तळलेला, लिंबू आणि जिरावन, आणि फक्त थंडीत. तू उन्हाळ्यात आला असतास तर हे मिळालंच नसतं.

एका दुकानासमोर पुणेकर हळूच मला म्हणाला, 'जरा महागच आहे ना?' दुकानदार काकांनी मान न उचलता शुद्ध मराठीत उत्तर दिलं, 'महाग नाहीये दादा, तूप बघा.' तो असा ओशाळला की दोन प्लेट घेतल्या. इथं मराठीत कुजबुजू नये हा नियम मी आधी सांगायला हवा होता. माझ्या मराठीवर मात्र ते दोन दिवस हसत होते, मी 'येऊन राहिलोय' म्हटलं की तिघं एका सुरात 'राहा राहा' म्हणायचे.

रविवारी खरा प्रश्न आला. चेक-इनला माणशी 15 किलो. आईनं शेजारच्या काकूंकडून हुकाचा काटा आणला आणि हॉलमध्ये बॅगा लटकवून बघायला सुरुवात केली. लवंग शेव, लसूण शेव, रतलामी, जिरावनची चार पाकिटं, वर तिळाचे लाडू. पुणेकराची बॅग 17 भरली. आई म्हणाली, 'शेव तर हलकी असते', आणि अजून एक पाव किलोचं पाकीट कोपऱ्यात सरकवलं.

थोडा वेळ होता म्हणून विमानतळाला लागूनच असलेल्या बिजासन टेकडीवर गेलो. मातेचं दर्शन घेतलं, वारा गार होता, सूर्य उतरत होता, आणि फारसं कुणी काही बोललं नाही. मग विमानतळ, ट्रॉल्या, मिठ्या. काउंटरवर व्हायचं तेच झालं, पुणेकराची बॅग जादा. त्यानं बॅग उघडली, जॅकेट काढून अंगात घातलं, त्यावर स्वेटर चढवला, तरी काटा वरच. शेवेच्या पाकिटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एक जीन्स आणि बूट काढून दाराशी आणून माझ्या हातात दिले.

जीन्स आईनं धुऊन, घडी करून कपाटात ठेवलीये. बूट गॅलरीत आहेत. परवा फोन आला तेव्हा मी म्हटलं, कुरिअर करू का? तो म्हणाला, राहू दे रे, शेव संपत आलीये.